मोबाईलच्या गटावरील शिवीगाळ : कारणे, तोटे व उपाय



या पानावर आपण नेहमी बेणेप्रक्रिया, खोडवा व्यवस्थापन, हुमणी असे विषय वाचता. या वेळचा विषय थोडा वेगळा आहे. परंतु उसाच्या उत्पादनाशी, तोडणीच्या वेळापत्रकाशी आणि आपल्या संस्थेच्या एकोप्याशी त्याचा जवळचा संबंध आहे, म्हणून तो मुद्दाम घेतला आहे.

आता जवळजवळ प्रत्येक गावात ऊस उत्पादकांचा एक तरी व्हॉट्सअ‍ॅप गट असतो. कुणाच्या शिवारात टोळी आली, कोणत्या रस्त्यावर ट्रॅक्टर अडकला, काट्यावर किती गाड्या उभ्या आहेत, ही माहिती पूर्वी चावडीवर किंवा चहाच्या टपरीवर कळायला संध्याकाळ व्हायची, ती आता पाच मिनिटांत कळते. ही फार मोठी सोय आहे. पण याच गटावर हंगाम सुरू झाला की दुसरेही काही सुरू होते. एकाने प्रश्न विचारायचा, दुसऱ्याने त्याची लायकी काढायची, तिसऱ्याने त्याच्या बापाचा उद्धार करायचा, आणि रात्री अकरापर्यंत शे-दीडशे निरोप पडून मूळ प्रश्न कुठल्या कुठे वाहून जायचा. सकाळी उठून पाहावे तर आठ-दहा जण गट सोडून गेलेले. ज्याने प्रश्न विचारला त्याचा ऊस मात्र तसाच उभा.

हे का होते, त्याने नुकसान कोणाचे होते आणि त्यावर काय करता येईल, याचा क्रमाने विचार करू.

वाद मुद्द्यावरून माणसावर कसा घसरतो

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. समजा एका सभासदाची आडसाली लागण जुलै महिन्यातली आहे. शेजाऱ्याच्या खोडव्याला त्याच्या आधी तोड आली. सभासद गटावर लिहितो, "माझी नोंद आधीची असताना शेजाऱ्याला तोड कशी?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तरही आहे. आडसाली ऊस पक्व व्हायला साधारण चौदा ते सोळा महिने लागतात, खोडवा मात्र अकरा-बारा महिन्यांत तयार होतो. जातीनुसारही फरक पडतो. लवकर पक्व होणारी जात आधी तोडली तर उतारा चांगला मिळतो. पाणी संपलेल्या किंवा जळालेल्या फडाची तोड मध्येच घ्यावी लागते. यांपैकी कोणते कारण लागू आहे हे नोंदवहीवरून दोन मिनिटांत सांगता येते. आणि यांपैकी एकही कारण लागू नसेल, तर खरोखरच क्रम मोडला आहे, आणि त्याचा जाब सभासदाने विचारलाच पाहिजे.

पण हे उत्तर येण्याआधीच कोणीतरी लिहितो, "चिटबॉयला खूश केल्याशिवाय तोड मिळत नसते." दुसरा लिहितो, "तुझा ऊस तरी कसला, नुसतं गवत!" तिसऱ्याला मागची निवडणूक आठवते, "तू कोणत्या पॅनेलला मत दिलंस ते आम्हाला ठाऊक आहे." आता बघा, तीन निरोपांत तोडणीचा क्रम बाजूला राहिला आणि माणसाची नियत, त्याची शेती व त्याचे मत यांवर बोलणे सुरू झाले. ज्याला झोंबले तो गप्प कसा बसेल? शब्दाने शब्द वाढतो.

दुसरे उदाहरण दराचे. एक जण लिहितो, "शेजारचा कारखाना चौतीसशे देतो, आपला एकोणतीसशे. पाचशे रुपये कोणी खाल्ले?" आकडे ऐकून रक्त उसळणारच. पण पहिला आकडा तोडणी-वाहतूक खर्च वजा करण्यापूर्वीचा आणि दुसरा वजा केल्यानंतरचा असेल, तर ही तुलनाच चुकीची आहे. २०२५-२६ हंगामासाठी केंद्र शासनाने ठरवलेली एफआरपी १०.२५ टक्के मूळ उताऱ्याला टनास ३,५५० रुपये आहे. त्यापुढे प्रत्येक ०.१ टक्का उताऱ्यास टनाला ३४ रुपये ६० पैसे वाढतात. म्हणजे ज्या कारखान्याचा उतारा ११.२५ टक्के धरला गेला, त्याची एफआरपी ३,८९६ रुपये होते. त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाता उरते ती रक्कम शेतकऱ्याच्या हाती पडते. तेव्हा दोन कारखान्यांची तुलना करताना उतारा किती, तो कोणत्या हंगामाचा धरला आणि वजावट किती, हे तीन प्रश्न विचारावे लागतात. हे तीन प्रश्न कारखान्याला अवघड वाटले तरी चालतील, पण ते विचारलेच पाहिजेत. "कोणी खाल्ले" या एका प्रश्नाने मात्र काहीच हाती लागत नाही. ज्याच्यावर आरोप केला तो चिडतो, आणि ज्याने खरोखर गैर केले असेल तोही या गोंधळात सुटून जातो. साप साप म्हणून भुई धोपटण्याचाच तो प्रकार.

लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो

समोरासमोर बोलताना आपण फक्त शब्द ऐकत नाही. आवाजाचा चढउतार, डोळे, चेहऱ्यावरचे हसू हे सगळे बघतो. "काय पाटील, यंदा शंभर टन काढणार म्हणे!" हे वाक्य पारावर हसत म्हटले तर थट्टा ठरते. तेच गटावर नुसते लिहिले तर वाचणाऱ्याला टोमणा वाटू शकतो, विशेषतः त्याचा ऊस त्या वर्षी लोळला असेल तर.

यावर अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केले आणि ते २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. काही वाक्ये खरेपणाने आणि काही उपरोधाने दुसऱ्याला कळवायची, आणि दुसऱ्याने ती कोणत्या अर्थाने आहेत ते ओळखायचे, अशी त्यांची रीत होती. आवाजातून सांगितलेली वाक्ये ऐकणाऱ्यांनी सुमारे तीन-चतुर्थांश वेळा बरोबर ओळखली. लिहून पाठवलेली मात्र निम्म्याहून थोडी अधिक वेळाच ओळखता आली, म्हणजे जवळजवळ नाणे उडवून ठरवावे तसे. पण लिहिणाऱ्यांना मात्र पक्की खात्री होती की आपले म्हणणे समोरच्याला नीट कळले आहे. आपल्या मनातला सूर आपल्याला ऐकू येतो. वाचणाऱ्याला तो येत नाही.

दुसरे कारण जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने २००४ मध्ये मांडले. पडद्याआड बसून लिहिणारा माणूस समोरासमोर जे कधीच बोलणार नाही ते लिहून जातो, कारण समोरच्याचा चेहरा पडलेला त्याला दिसत नाही आणि उत्तरही ताबडतोब ऐकावे लागत नाही. हे आपल्यालाही अनुभवाने ठाऊक आहे. जो माणूस सकाळी सोसायटीत भेटला की "राम राम, दादा" म्हणतो, तोच रात्री गटावर त्याच दादांना नको ते लिहितो.

तिसरे कारण म्हणजे प्रेक्षक. दोघांचे भांडण बांधावर झाले तर चार माणसे मध्ये पडतात आणि मिटवतात. गटावर दोन-तीनशे जण बघत असतात. त्यांच्यादेखत माघार घेणे म्हणजे नाक कापून घेणे वाटते. शिवाय काही जण अंगठे व हसरे चेहरे टाकून भांडणाला वारा घालतात. त्यांचे काही जात नाही.

हे दुखणे केवळ आपल्याकडचे किंवा मोबाईलमुळे नवे उपजलेले नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेत युजनेट नावाची संगणकावरची चर्चामंडळे चालत. तिथे विद्यापीठांतले शिकलेले लोक असत, तरी शिवीगाळ इतकी होई की तिला 'फ्लेम' म्हणजे 'जाळ' असे नावच पडले. माईक गॉडविन या अमेरिकन वकिलाने १९९० मध्ये तिथे एक नियम थट्टेने मांडला : चर्चा जितकी लांबेल तितकी कोणीतरी कोणाला तरी हिटलर म्हणण्याची शक्यता वाढत जाते. आपल्याकडेही १८८०च्या दशकात टिळक व आगरकर या दोन मित्रांचे मतभेद विकोपाला गेले, १८८७ मध्ये आगरकरांनी केसरीचे संपादकपद सोडले, आणि पुढे सनातन्यांनी पुण्यात जिवंत आगरकरांची प्रेतयात्रा काढली. तेव्हा शिक्षण वाढले की हे आपोआप जाईल या भरवशावर राहू नये.

नुकसान कोणाचे होते?

पहिले नुकसान माहितीचे. गटावर सर्वांत आधी गप्प बसतो तो जाणता शेतकरी. ज्याने एकरी ऐंशी-नव्वद टन काढले आहेत, त्याला भांडायला वेळ नसतो आणि हौसही नसते. त्याने एकदा सांगितले की "पाचट जाळू नका, सरीत कुजवा", आणि कोणी लिहिले की "मोठा शास्त्रज्ञ लागून गेला", की तो पुन्हा लिहीत नाही. हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पहिल्या पावसानंतर कडुनिंब-बाभळीवर येतात. ते गोळा करून मारायचे दिवस थोडेच असतात. त्या दिवसांत जर गटावर पॅनेलचे भांडण चालू असेल, तर "आज आमच्या बाभळीवर भुंगेरे दिसले" हा एका ओळीचा निरोप कोण वाचणार? आणि एकट्याने भुंगेरे मारून हुमणी हटत नाही, ती सगळ्या शिवाराने मिळून करायची गोष्ट आहे.

दुसरे नुकसान महिला सभासदांचे व तरुणांचे. आज अनेक खाती महिलांच्या नावे आहेत आणि शेतीही त्या स्वतः पाहतात. ज्या गटावर आया-बहिणींवरून शिव्या पडतात, तिथे त्या खत केव्हा द्यावे हे विचारणार कशा? मग शंका तशीच राहते, किंवा दुकानदार सांगेल ते औषध घेतले जाते.

तिसरे नुकसान हाताखाली काम करणाऱ्या माणसांचे. चिटबॉय, शेतकी मदतनीस, काट्यावरचा कारकून, ट्रॅक्टरचा चालक, टोळीचा मुकादम यांची नावे आणि फोन नंबर टाकून गटावर उद्धार केला जातो. त्यातला चिटबॉय बहुधा आपल्याच गावचा, कुणाचा तरी मुलगा असतो. तोडणीचा क्रम त्याने एकट्याने ठरवलेला नसतो. त्याने पैसे मागितले असतील तर त्याची तक्रार झालीच पाहिजे, आणि तीसुद्धा लेखी. पण पुराव्याशिवाय त्याला गावासमोर चोर ठरवले, तर पुढच्या वर्षी हे काम करायला कोणी चांगला मुलगा येणार नाही. ऊसतोड मजूर तर बीड, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून घरदार सोडून आलेले असतात. त्यांच्याबद्दल जातीवरून किंवा गरिबीवरून वाईट लिहिणे हे माणुसकीलाही सोडून आहे.

चौथे नुकसान संस्थेचे. ३१ डिसेंबर १९५० रोजी प्रवरेच्या काठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून पहिल्या सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. तेव्हापासून हा सहकार वेगवेगळ्या गावांच्या, जातींच्या, भावकींच्या आणि राजकीय मतांच्या माणसांनी एकत्र बसण्यावर उभा आहे. मतभेद असणे हा त्याचा दोष नव्हे. पण बोलणेच बंद झाले तर सर्वसाधारण सभेत मुद्द्यांची चर्चा होत नाही. एक बाजू घोषणा देते, दुसरी "मंजूर, मंजूर" म्हणते आणि सभा अर्ध्या तासात संपते. ज्यांना प्रश्न नको असतात त्यांना असा गोंधळ सोयीचाच असतो, हे सभासदांनी ध्यानात ठेवावे.

टीका आणि निंदा यांतला फरक

कोणी म्हणेल, "म्हणजे आम्ही कारखान्याबद्दल बोलायचंच नाही का?" तसे मुळीच नाही. सभासद हा मालक आहे. त्याने कडक प्रश्न विचारावा. गोड बोलून हिशेब कधी तपासता येत नाही. फक्त टीका कृतीवर असावी, माणसाच्या जन्मावर, जातीवर, घरावर किंवा व्यंगावर नसावी. लिहिण्याआधी हे तपासून पाहावे :

१. मी जे लिहितो आहे त्यात तारीख, गट नंबर, पावती किंवा आकडा आहे का? "सगळे चोर आहेत" यात काहीच नाही. "अमुक तारखेच्या दोन खेपांत नेहमीपेक्षा दीड टन वजन कमी आले, पावत्या जोडल्या आहेत" यात सर्व काही आहे.

२. याला कोणी उत्तर देऊ शकेल का? प्रश्नाला उत्तर देता येते. शिवीला फक्त शिवीच देता येते.

३. हेच वाक्य मी त्या माणसाच्या घरी, त्याच्या आईसमोर बोललो असतो का?

४. हे सर्वांनी वाचण्याची गरज आहे की त्याला एकट्याला फोन केला तर भागेल? बांधाचे, पाइपलाइनचे, उधारीचे भांडण गटावर आणूच नये.

कायदा काय सांगतो

मोबाईलवर लिहिलेले हवेत विरून जात नाही, ते पुरावा म्हणून राहते. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, २०२३ लागू झाली आहे. तिच्या कलम ३५६ खाली बदनामीस दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवेची शिक्षा होऊ शकते. शांततेचा भंग व्हावा अशा हेतूने किंवा तसे होईल हे माहीत असून केलेल्या अपमानास कलम ३५२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करणाऱ्या शब्दांस कलम ७९ खाली तीन वर्षांपर्यंत साधी कैद व दंड आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीचा लोकांदेखत जातीवरून अपमान केल्यास १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो. त्यात सहा महिने ते पाच वर्षे कैद व दंड आहे, आणि अटकपूर्व जामीन साधारणपणे मिळत नाही.

दुसरी बाजूही समजून घ्यावी. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले आहे. त्यामुळे एखादे लिखाण कुणाला नुसते त्रासदायक वाटले म्हणून त्या कलमाखाली आता गुन्हा होत नाही. योग्य अधिकाऱ्याकडे प्रामाणिकपणे केलेली तक्रार बदनामी ठरत नाही, असा अपवाद कलम ३५६ मध्येच आहे. म्हणून कायद्याच्या भीतीने खरी तक्रार कोणी दाबून ठेवू नये, आणि कोणी तशी भीती घालत असेल तर तिला बळीही पडू नये.

गटप्रमुखांना वाटते की सभासदाच्या निरोपासाठी आपल्यालाच धरतील. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये असे म्हटले आहे की, समान हेतू किंवा आधी ठरवून केलेला बेत नसेल तर दुसऱ्याच्या आक्षेपार्ह निरोपासाठी केवळ गटप्रमुख म्हणून कोणास जबाबदार धरता येत नाही. कायद्याने सुटका असली तरी गावाच्या दृष्टीने त्याची जबाबदारी राहतेच.

खरी तक्रार कोठे न्यावी

गटावर शंभर निरोप टाकून जे होत नाही ते एका अर्जाने होते. तोडणीच्या क्रमाची तक्रार गट कार्यालयात लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. वजनाची शंका असल्यास पावती जपून ठेवावी आणि वैधमापन यंत्रणेकडे अर्ज करावा. एफआरपी १४ दिवसांत मिळाली नाही तर ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे उशिराच्या काळासाठी १५ टक्के व्याज मागता येते, आणि त्यासाठी साखर आयुक्तांकडे जाता येते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ प्रमाणे सभासदाला लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सभांची इतिवृत्ते आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी कार्यालयात पाहता येतात. संस्थेशी वाद असल्यास कलम ९१ खाली सहकार न्यायालयाची वाट आहे. सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारायचा असेल तर तो आधी लेखी द्यावा, म्हणजे "माहिती घेऊन सांगतो" हे उत्तर मिळण्याची पाळी येत नाही.

गटप्रमुखांसाठी काही सूचना

१. गट कशासाठी आहे ते वर्णनात एका ओळीत लिहा : तोडणी, पीक, पाणी, हवामान. निवडणुकीसाठी ज्याला हवा त्याने वेगळा गट काढावा.

२. शिवीचा निरोप दिसताच तो सर्वांसाठी काढून टाका. प्रमुखाला तशी सोय आहे. त्यावर गटात भाष्य करू नका, लिहिणाऱ्याला फोन करा. फोनवर निम्मी माणसे शांत होतात.

३. नियम आपल्या बाजूच्या माणसालाही लावा. विरोधकाला काढायचे आणि आपल्या माणसाला पाठीशी घालायचे, असे झाले की तो गट पॅनेलचा होतो, गावाचा राहत नाही.

४. भांडण पेटलेच तर रात्रीपुरते "फक्त प्रमुखांनी लिहावे" अशी व्यवस्था करा आणि सकाळी पुन्हा गट खुला करा. पण कारखान्याला अडचणीचा प्रश्न आला म्हणून गट बंद करू नका. तो प्रश्न दडपल्यासारखे होते.

५. ज्याचे उत्तर कारखान्याने द्यायचे आहे असा प्रश्न त्याच दिवशी गट कार्यालयाला कळवा. उत्तर आले की ते गटावर टाका. पुष्कळ शिव्या या उत्तर न मिळाल्यामुळे येतात, हे आम्ही कर्मचाऱ्यांनीही समजून घेतले पाहिजे. तोडणीचा कार्यक्रम आधी जाहीर झाला आणि बदल झाल्यास त्याचे कारण सांगितले गेले, तर निम्मे वाद उगवण्याआधीच मरतात.

६. कोणी दुसऱ्या गावची ऐकीव बातमी टाकली तर "हे कोणी पाहिले?" एवढे विचारा. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मुले पळवणाऱ्यांच्या अफवेवरून जमावाने भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांना ठार मारले. अशी अफवा मोबाईलवरूनच फिरली होती.

ज्याला शिवी पडली त्याच्यासाठीही दोन शब्द. लगेच उत्तर देऊ नये. मोबाईल खाली ठेवावा, मोटर चालू करायची असेल ती करून यावी. निरोपाचा फोटो काढून ठेवावा. जात, स्त्री किंवा जिवे मारण्याची धमकी असा विषय असेल तर पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. बाकी बाबतीत दुसऱ्या दिवशी त्या माणसाला समक्ष भेटावे. बहुतेक वेळा तो मान खाली घालून "रात्री जरा जास्तच झालं" म्हणतो आणि तिथेच विषय संपतो.

एका शिवारात राहून एकाच चारीचे पाणी घ्यायचे, एकाच रस्त्याने गाड्या काढायच्या आणि एकाच काट्यावर वजन करायचे, हे आपले रोजचे जगणे आहे. फडाला आग लागली तर आधी धावत येणारा बहुधा तोच शेजारी असतो, ज्याला काल गटावर आपण नको ते लिहिले. हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक गावच्या गटप्रमुखाने वरील सूचना गटावर वाचून दाखवाव्यात आणि सभासदांनी त्यात गावाला योग्य वाटतील त्या सुधारणा सुचवाव्यात. गट कार्यालयात त्या लेखी आल्यास त्यांचा विचार शेतकी विभागाच्या बैठकीत जरूर केला जाईल.

— ऊस विकास अधिकारी